ग्रॅज्युएशनला मुलाला शॉटगन द्यायची आहे? दुकानात जाण्याआधी हे वाचा

मिनेसोटात मे संपत आला की घरोघरच्या अंगणांत तंबू उभे राहतात, टपालपेट्यांना फुगे बांधले जातात आणि हायस्कूल संपवणाऱ्या मुलांच्या पार्ट्या सुरू होतात. भेट म्हणून कोणी घड्याळ देतं, कोणी रोख रक्कम. इथल्या बऱ्याच जुन्या घरांत बाप किंवा आजोबा शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, देतात. हल्ली हा प्रश्न आपल्या मराठी घरांतही येऊ लागलाय, कारण मुलं शाळेच्या ट्रॅप टीममध्ये असतात. ट्रॅप म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या (क्ले) शॉटगनने फोडायचा खेळ. शाळांची ही क्ले टार्गेट लीग २००१ साली मिनेसोटातच सुरू झाली आणि नंतर देशभर पसरली. दर जूनला मिनेसोटातल्याच अलेक्झांड्रियाच्या मैदानावर राज्यस्पर्धेला हजारो मुलं जमतात. माझा मुलगा नववीपासून टीममध्ये होता. शेवटच्या वर्षी त्याने स्वतःची बंदूक मागितली, तेव्हा कोल्हापूरहून आईचा फोनवर सवाल आला, "पोराला बंदूक? अगं, एखादं बरं घड्याळ मिळत नाही का तिकडे?"

मिळतं. पण घड्याळ गुपचूप आणून पाकिटात बांधून देता येतं, शॉटगन तशी देऊ नये. ती ज्याची त्याच्या अंगाला बसावी लागते आणि तिच्याआधी कागद तपासावे लागतात. पुढचा सगळा लेख या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधी व्हिसा बघा

अमेरिकेत वाढलेल्या मित्रांना हा प्रश्न कधी पडत नाही, म्हणून ते सांगतही नाहीत. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला, म्हणजे एच-१बी, एच-४, एफ-१ वगैरे, फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मुळात मनाई आहे. याला अपवाद आहेत. त्यातला आपल्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. ते खिशात असेल तर मनाई लागू होत नाही. लायसन्सची मुदत संपली की सवलतही संपते. ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व असणाऱ्यांना ही अडचण नाही. मात्र ग्रीन कार्डची फाइल चालू आहे म्हणजे ग्रीन कार्ड मिळालं, असं समजू नका.

घरातल्या प्रत्येकाचं स्टेटस वेगवेगळं बघा. आपल्याकडे नेहमी दिसणारी परिस्थिती अशी: मुलगा इथेच जन्मलेला, म्हणून नागरिक, आई-बाप मात्र ग्रीन कार्डच्या रांगेत अडकून अजून एच-१बीवर. अशा घरात मुलगा बंदूक घेऊ शकतो, पण तिजोरीची किल्ली बापाकडे असेल तर बापानेच ती बाळगली असा अर्थ निघू शकतो. बंदुकीसंबंधीचा गुन्हा सिद्ध झाला तर देशाबाहेर काढण्याचं ते कारण ठरू शकतं. घरात एकही जण व्हिसावर असेल तर बंदुकीच्या आधी इमिग्रेशन वकिलाच्या एका तासाचे पैसे मोजा. सगळ्या खरेदीतला हा सगळ्यात स्वस्त भाग असेल.

खरेदी कोणाच्या नावावर

लायसन्सधारक दुकानदाराकडून शॉटगन घ्यायला फेडरल वयोमर्यादा १८ आहे (पिस्तुलासाठी २१). दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि एफबीआयच्या यंत्रणेतून पार्श्वभूमी तपासली जाते. फॉर्ममध्ये विचारतात की खरा खरेदीदार तुम्हीच ना? स्वतःच्या पैशाने घेऊन मुलाला भेट देणार असाल तर उत्तर 'हो'. भेट देणं कायद्याला मंजूर आहे. पण मुलाने उन्हाळ्यात साठवलेले पैसे तुमच्या हातात दिले आणि तुम्ही तुमच्या नावावर घेतली, तर ती भेट राहत नाही, तो गुन्हा होतो. एका पुतण्याने काकांच्या पैशाने काकांसाठी पिस्तूल घेतलं, दोघांनाही ते घ्यायचा पूर्ण हक्क होता, तरी २०१४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुतण्याच्या विरोधात निकाल दिला. तेव्हा "घरातल्या घरात तर आहे" ही सबब चालत नाही.

मुलगा २१च्या आत असेल आणि स्वतः खरेदी करणार असेल, तर २०२२च्या कायद्यामुळे त्याची तपासणी जास्त खोल होते आणि कामाचे दहा दिवसही लागू शकतात. पार्टीची तारीख धरून बसू नका. ग्रॅज्युएशन झालं पण अठरा वर्षं अजून पूर्ण झाली नाहीत, अशी मुलंही असतात, त्यांनी तर थांबायचंच. फॉर्मवर गांजाचाही प्रश्न असतो. तुमच्या राज्याने गांजाला परवानगी दिली असली तरी फेडरल कायदा त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. हा प्रश्न मुलाला घरीच, दुकानाच्या आधी विचारा.

राज्याराज्यांचे नियम फार वेगळे आहेत. मिनेसोटात साध्या शॉटगनला वेगळा परवाना लागत नाही. न्यू जर्सीत शॉटगन ताब्यात घ्यायला फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकमालकाचं ओळखपत्र. फ्लोरिडाने २०१८ पासून खरेदीचं वय २१ केलं. कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावं लागतं आणि २१च्या आतल्यांना आणखी अटी आहेत. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मैत्रिणीचा सल्ला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये चालेलच असं नाही. मुलगा दुसऱ्या राज्याचा रहिवासी झाला असेल तर तुम्ही हातोहात बंदूक देऊ शकत नाही, ती त्याच्या राज्यातल्या लायसन्सधारक दुकानामार्फतच द्यावी लागते.

ती राहणार कुठे, आणि मुलगा कसा आहे

ऑगस्टमध्ये मुलगा कॉलेजला जाणार. बहुतेक कॉलेजांच्या वसतिगृहांत बंदूक ठेवायला बंदी असते. काही विद्यापीठांत कॅम्पस पोलिसांकडे शिकारीच्या बंदुका जमा ठेवायची सोय असते, तिथे आधी विचारून घ्या. नाहीतर ती घरीच राहील. मग घरात बोल्टने भिंतीला बसवलेली स्टीलची कपाटवजा तिजोरी हवी आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. सोबत मिळणारं केबल लॉक तेवढ्यावर भागवायला नाही, ते वरचं.

आता एक अवघड मुद्दा. अठरा ते बावीस हे वय वरून दिसतं तितकं मजबूत नसतं. घरापासून लांब, पहिल्यांदाच नापास होणं, प्रेमभंग, आणि "लोक काय म्हणतील" म्हणून घरी काहीच न सांगणं. आपल्या घरांत हे शेवटचं जरा जास्तच. गेल्या वर्षभरात मुलगा गप्प झालाय, झोपत नाही, खूप पितोय, किंवा स्वतःला संपवण्याचं बोललाय असं काही असेल, तर या वर्षी बंदूक नको. आधीच घरात असेल तर ती काही काळ घराबाहेर, कायदेशीर जागी हलवा. आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट असेल तेव्हा मदतीसाठीचा ९८८ हा फोन क्रमांक अमेरिकेत दिवसरात्र चालू असतो. भेट दोन वर्षांनी दिली तरी भेटच असते.

कशासाठी वापरणार

शॉटगनमध्ये 'सगळ्यासाठी एक' असं फारसं जमत नाही, जमवलं तर तडजोड असते.

ट्रॅपमध्ये खेळाडू तबकडी सोडणाऱ्या यंत्राच्या सोळा यार्ड मागे उभा राहतो. तबकडी त्याच्यापासून दूर आणि वर जाते. म्हणून ट्रॅपची बंदूक लांब नळीची, ३० ते ३२ इंची, वजनाने जड आणि मुद्दाम थोडा वर मारा करणारी बनवतात. स्कीटमध्ये तबकड्या दोन बाजूंनी आडव्या जातात आणि जोडीनेही सुटतात, तिथे लागोपाठ दोन बार हवेतच. स्पोर्टिंग क्लेमध्ये रानातून चालत वेगवेगळ्या कोनांतून नेम धरायचा. शिकारीसाठी हीच वस्तू हलकी हवी, कारण दक्षिण डकोटाच्या शेतांत फेझंट पक्ष्यांच्या मागे दिवसभर ती हातात घेऊन चालायचं असतं. टीम संपली, आता मुलगा पुढे काय खेळणार आहे ते त्यालाच विचारा. आपल्याला वाटतं त्याला शिकार नको असेल, आणि मित्रांबरोबर बदकांच्या शिकारीला जायचे बेत कधीच ठरलेले असतात.

कुठल्या जातीची

पंप म्हणजे हाताने पुढचा दस्ता मागेपुढे करून काडतूस भरायची बंदूक. मॉसबर्ग ५०० आणि रेमिंग्टन ८७० ही दोन नावं कुठल्याही दुकानात ऐकू येतील. स्वस्त, दणकट, पावसापाण्याची पर्वा न करणारी. नवी चारपाचशे डॉलरच्या आसपास, मॉसबर्गचीच मॅव्हरिक ८८ त्याहून कमी.

सेमी-ऑटो स्वतःच पुढचं काडतूस भरते. बाराच्या गॅसवर चालणारी असेल तर धक्का जाणवण्याइतका कमी होतो, म्हणून बारीक अंगाच्या मुलांना मी हीच सुचवते. बेरेटाची ए३०० हजार डॉलरच्या घरात येते. रिकामं काडतूस उजवीकडे उडतं, ट्रॅपच्या रांगेत ते शेजारच्याच्या खांद्यावर पडतं, म्हणून ते अडवणारा छोटा कॅचर बसवा. मुलगा डावखुरा असेल तर डावखुऱ्यांची आवृत्ती मागा.

ओव्हर-अंडर म्हणजे एकावर एक दोन नळ्या. आपल्या गावाकडच्या दुनळीत नळ्या शेजारीशेजारी असतात, हिच्यात वरखाली. मधून मोडली की ती भरलेली नाही हे दहा पावलांवरून कोणालाही दिसतं, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने मला ही गोष्ट फार आवडते. ब्राउनिंगची सिटोरी (ती जपानात मिरोकू बनवते) किंवा बेरेटाची ६८६ घ्यायची तर दोन-अडीच हजारांच्या पुढे तयारी ठेवा. पण नीट सांभाळली तर मुलाचा मुलगाही वापरेल. फारच स्वस्त ओव्हर-अंडर मात्र टाळा. त्या पैशात उत्तम सेमी-ऑटो येते.

नुसतं ट्रॅपच खेळायचं असेल तर एकनळी बीटी-९९ आहे. १९६९च्या सुमारास आलेलं हे ब्राउनिंगचं मॉडेल वापरलेलं मिळालं तर सोनं. पण दुसरा बार नाही, म्हणजे स्कीट नाही.

गेज

बारा गेज म्हणजे त्या नळीत बसणाऱ्या बारा शिशाच्या गोळ्यांचं वजन मिळून एक पौंड. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. आपल्याकडची 'बारा बोअर' ती हीच. अठरा वर्षांच्या मुलाला बारा गेज घ्या, विषय संपला. धक्क्याची काळजी वाटत असेल तर बंदूक वीस गेजची न करता काडतूस हलकं करा, १ १/८ औंसाऐवजी एक औंस किंवा त्याहून कमी छर्ऱ्यांचं. जड बंदुकीतून हलकं काडतूस, हा खांद्याला सगळ्यात सुखाचा मेळ आहे. हलकी वीस गेज कित्येकदा जड बारा गेजपेक्षा जास्त दणका देते, हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. साडेतीन इंची चेंबरच्या (नळीत काडतूस बसायच्या जागेच्या) मोहात पडू नका, क्लेसाठी पावणेतीन इंच पुरतं.

अंगाला बसते का

इथे घाई केली तर बाकी सगळं वाया. रायफलला मागे-पुढे दोन खुणा असतात, त्या जुळवून नेम धरता येतो. शॉटगनला मागची खूण नसते, तिथे डोळाच असतो. गाल दस्त्यावर जिथे टेकतो तिथून डोळा किती उंच आणि किती बाजूला येतो, त्यावर छर्रे कुठे जाणार ते ठरतं.

आम्ही गेलो त्या दुकानातल्या म्हाताऱ्या विक्रेत्याने किंमत विचारायच्या आधी माझ्या मुलाला दोन्ही हात लांब करून तळव्यांचा छोटा त्रिकोण करायला लावला. त्यातून दूरची घड्याळाची तबकडी बघ म्हणाला, मग एकेक डोळा मिट. ज्या डोळ्याने घड्याळ जागेवर राहतं तो डोळा वरचढ. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाचा डावा डोळा वरचढ निघाला तर प्रशिक्षकाशी बोलूनच पुढे जा. काही जण चष्म्याच्या काचेवर छोटा टेपचा ठिपका लावतात, काही डाव्या खांद्यावर शिकतात.

मग विक्रेत्याने रिकामी बंदूक, स्वतः दोनदा तपासून, मुलाच्या हातात दिली. डोळे मिटून खांद्याला लाव, गाल टेकव, आता उघड. डोळे उघडल्यावर नळीच्या टोकाचा मणी नळीवरच्या पट्टीच्या बरोबर मध्ये दिसला पाहिजे. पट्टी दिसलीच नाही तर दस्ता फार उतरता, खूप जास्त दिसली तर उंच. नाक आणि अंगठा यांत दोन-तीन बोटांचं अंतर राहावं. नाक अंगठ्यावर आपटत असेल तर दस्ता आखूड. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी बहुतेक बंदुकांना चौदा ते साडेचौदा इंच असते. सहा फुटी मुलाला ती कमी पडते आणि साडेपाच फुटी मुलाला जास्त. आपली बरीच मुलं या दुसऱ्या गटात मोडतात. दस्ता लांब असला की तो काखेत अडकतो, मूल मागे झुकून उभं राहतं आणि प्रत्येक तबकडीच्या वरून मारतं. दस्ता कापता येतो, टोकाचं रबर पॅड बदलता येतं, बऱ्याच सेमी-ऑटोंबरोबर दस्त्याचा कोन बदलायच्या चकत्या येतात. म्हणून दुकानदाराला 'काय बदलता येईल' हे आधी विचारा.

याहून चांगलं म्हणजे भाड्याने बंदूक देणाऱ्या रेंजवर जाऊन तीन-चार प्रकार प्रत्यक्ष चालवून बघणं. टीममधल्या इतर पालकांना विचारलंत तर ते आपल्याच बंदुका काढून देतात. या खेळातली माणसं याबाबत फार उदार आहेत.

वापरलेली घेताना

पैसे कमी असतील तर नव्या स्वस्तापेक्षा जुनी चांगली. मात्र नळी उघडून दिव्याकडे धरा: आत सरळ आरसा दिसायला हवा. खड्डे, फुगवटा किंवा वेडीवाकडी सावली दिसली तर परत ठेवा. ओव्हर-अंडरचा पुढचा दस्ता काढून नळ्या हलवून पाहा, बिजागरीत खेळ नको. वरची खिट्टी बंद असताना मधोमध किंवा थोडी उजवीकडे असावी. डावीकडे गेलेली खिट्टी म्हणजे खूप वापर. मनगटासारख्या बारीक भागात लाकडाला तडा आहे का, स्क्रूच्या खाचा कोणी कुरतडल्या आहेत का, चोक हाताने फिरतात का, हे बघा. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी फिरवून बसवायची नळकांडी. छर्ऱ्यांचा फैलाव ती ठरवते. चाळीस यार्डावर तीस इंची वर्तुळात फुल चोक साधारण ७० टक्के छर्रे टाकतो, मॉडिफाइड ६० आणि इम्प्रूव्ह्ड सिलिंडर ५०. सोळा यार्डाच्या ट्रॅपला मॉडिफाइडने सुरुवात करा.

आजोबांच्या काळातली, न बदलणारा फुल चोक असलेली बंदूक कोणी दिली तर बदकांसाठी ती वापरू नका. १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, आणि पोलादी छर्रे अशा नळीला इजा करू शकतात.

द्यायची कशी

माझं मत विचाराल तर पार्टीत दुकानाचं गिफ्ट सर्टिफिकेट द्या. सोबत चांगले कानावरचे मफ, आघाताला टिकणारा चष्मा, आणि एखाद्या प्रशिक्षकाबरोबरच्या शिकवणीचे पैसे. मग मुलगा स्वतः निवडेल, स्वतः फॉर्म भरेल, बंदूक पहिल्या दिवसापासून त्याच्या नावावर. तंबूत पाहुणे, लहान मुलं आणि केक असताना खरी बंदूक टेबलावर ठेवण्याची हौस नको. बापाला स्वतःच्या हाताने द्यायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, घरच्यांत, रिकामी आणि उघडी.

बजेटमध्ये बंदुकीबाहेरचं धरा. पंचवीस काडतुसांचा बॉक्स दहाएक डॉलर, प्रत्येक फेरीची रेंजची फी वेगळी, तिजोरी वेगळी. शिकारीला जायचं असेल तर मिनेसोटात १९७९ नंतर जन्मलेल्यांना फायरआर्म्स सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं. टीममधल्या मुलांकडे बहुधा ते असतं, पण कार्ड कुठे ठेवलंय ते आईलाच शोधावं लागतं.

घरी आल्यावर

बिल आणि सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा, घराच्या विम्यात बंदूक किती रकमेपर्यंत येते ते विचारा. पहिल्या फेरीआधी मोठ्या कागदावर नेम धरून चार-पाच बार मारून छर्रे खरंच मध्यावर जातात का ते तपासा. विमानाने स्पर्धेला न्यायची तर रिकामी, कुलूपबंद कठीण पेटीत, चेक-इनला काउंटरवर सांगून, आणि काडतुसांची वजनमर्यादा एअरलाइनला विचारून.

आणि भारतात जाताना मुलाची रेंजची बॅग, व्हेस्ट, जॅकेट यातलं काहीही न तपासता नेऊ नका. व्हेस्टच्या खिशात तळाशी एखादं काडतूस हमखास राहिलेलं असतं. मुंबई विमानतळावर एक जिवंत काडतूससुद्धा शस्त्र कायद्याखाली पोलीस ठाण्यापर्यंत नेऊ शकतं. सुट्टीचे पहिले काही दिवस तिथेच जातील. शक्यतो ती बॅग प्रवासाला वापरूच नका. वापरायचीच तर उलटी करून झटका आणि प्रत्येक कप्प्यात हात घाला.